‘टू’ की ‘आयएनजी’? आधी मराठी क्रियापदाची शेपटी बघा

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातला एक तरुण केळीच्या पॅकहाउसमध्ये काम करतो. माल आखाती देशांत जातो, त्यामुळे खरेदीदाराशी रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीत. त्याने एका मेलमध्ये लिहिलं, ‘वी सजेस्ट टू लोड इन द ईव्हनिंग’, आणि शेवटी ‘वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. साहेबांनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली, कारण काही सांगितलं नाही. तो विचारतो, ‘मॅडम, एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश ही आयएनजीवाल्या क्रियापदांची यादी मी तीनदा पाठ केली. परीक्षेपुरती राहते, मग उडून जाते. यात काही तर्क आहे की नुसतं पाठांतर?’

भाऊ, तर्क आहे. सगळ्या क्रियापदांना पुरेल इतका नाही, पण निम्म्याहून जास्त घोटाळा मिटवेल इतका नक्की आहे. आणि तो तुमच्या मराठीतच आहे. अमळनेरला सत्तावीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे. पहिली काही वर्षं मीही फळ्यावर यादीच लिहून द्यायचे. ‘ही पंचवीस क्रियापदं, यांच्यापुढे आयएनजी, करा पाठ.’ मुलं पाठ करायची आणि सहामाहीनंतर पुन्हा ‘आय एन्जॉय टू प्ले’ लिहायची. मग मी त्यांच्या चुका वहीत उतरवून ठेवू लागले. प्रत्येक चुकीशेजारी ते मूल मनात मराठीत काय म्हणत असेल, ते लिहायचे. तेव्हा गाठ कुठे आहे ते दिसलं.

गाठ ‘-यला’मध्ये आहे. ‘मला वाचायला आवडतं’, ‘मी शिकायला गेलो’, ‘तो लिहायला लागला’. आपल्या कानाला ‘-यला’ म्हणजे ‘टू’. ही समजूत मूर्खपणाची मुळीच नाही. ‘जळगावला गेलो’ मधला ‘ला’ आणि ‘शिकायला गेलो’ मधला ‘ला’ एकच आहे. आपल्या अहिराणीत ‘मला’चं ‘मले’ होतं, तसंच ‘-यला’च्या जागीही ‘-ले’ येतो. इंग्रजीतही तेच घडलं आहे. ‘टू जळगाव’ मधला दिशा दाखवणारा ‘टू’च जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या एका रूपापुढे येऊ लागला आणि त्यातून आजचं ‘टू लर्न’ आलं. म्हणजे ‘टू’चा मूळ स्वभाव पुढे बोट दाखवण्याचा. काम अजून व्हायचं आहे, मन तिकडे निघालं आहे. वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अ‍ॅग्री, रिफ्यूज, एक्स्पेक्ट या सगळ्यांपुढे ‘टू’ येतो तो म्हणून. हवंय, आशा आहे, ठरवलंय, कबूल केलंय, पण काम अजून समोर आहे.

अडचण इतकीच, की मराठीने ‘-यला’ आणखी पुढे नेला. ‘भरीत खायला मजा आली’ यात पुढचं काहीच नाही, भरीत खाऊन झालंय. तरी आपण ‘खायला’च म्हणतो, आणि तिथेच ‘एन्जॉय टू ईट’ जन्माला येतं.

दुसरी एक अडचण खास आपल्या भागातल्या मुलांची. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पाचवी-सहावीत चालू काळ शिकवताना आम्ही सांगतो, ‘आयएनजी म्हणजे करी राहिना’. समजायला एकदम सोपं. पण मग त्याच्या मनात आयएनजीचा तेवढाच अर्थ बसतो. ‘आय एन्जॉय रीडिंग’ दिसलं की त्याला वाटतं यात ‘अ‍ॅम’ राहून गेलं, आणि तो ‘आय अ‍ॅम एन्जॉय रीडिंग’ लिहितो. त्याला हे कुणीतरी सांगायला हवं की इंग्रजीत आयएनजी हे दोन वेगळ्या घरांतून आलेलं एकच रूप आहे. जुन्या इंग्रजीत चालू क्रियेचं रूप निराळं होतं, त्याच्या शेवटी ‘-एन्ड’सारखा उच्चार होता. आणि क्रियापदापासून नाम करायचा प्रत्यय निराळा होता, ‘-उंग’ किंवा ‘-इंग’. पुढे मध्ययुगात दोन्हींचा उच्चार एक झाला. जेरंड, म्हणजे ‘एन्जॉय’पुढे येतो तो आयएनजी, हा त्या दुसऱ्या घरचा. त्याचा चालू काळाशी संबंध नाही. तो नाम आहे, आपल्या ‘वाचणं’, ‘पोहणं’, ‘भांडणं’ यांच्यासारखा. आपल्या व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्या त्या वहीत एक दिवस ‘अ‍ॅडमिट’ आणि ‘अ‍ॅग्री’ शेजारी शेजारी आले. दोन्हींचं मराठी ‘कबूल करणे’. वर्गात मी दोन वाक्यं लिहिली: ‘त्याने पैसे घेतल्याचं कबूल केलं’ आणि ‘त्याने पैसे द्यायचं कबूल केलं’. पारोळ्याकडून एसटीने येणारी एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, एकात घेतल्याचं आहे, एकात द्यायचं आहे.’ बस, हीच किल्ली. पहिलं ‘ही अ‍ॅडमिटेड टेकिंग द मनी’, दुसरं ‘ही अ‍ॅग्रीड टू गिव्ह द मनी’. मराठी क्रियापदाच्या शेपटीला ‘-ल्याचं’ असेल तर आयएनजी. ‘-यचं’ किंवा ‘-यला’ असेल आणि काम अजून पुढे असेल, तर ‘टू’.

हे लावून बघा, कुलुपं पटापट उघडतात. ‘दाराला कुलूप लावल्याचं मला आठवतंय’, म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’, म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. ‘पंप बंद करायला विसरलो’ हे ‘आय फर्गॉट टू स्विच ऑफ द पंप’. पण ‘तापीचा तो पूर पाहिल्याचं मी जन्मात विसरणार नाही’ हे ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग दॅट फ्लड’. ‘शेत विकल्याचा पस्तावा होतो’ म्हणजे ‘आय रिग्रेट सेलिंग द फील्ड’, आणि सरकारी पत्रातलं ‘कळवायला खेद वाटतो’ म्हणजे ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. ‘सही केल्याचं नाकारलं’ हे ‘डिनाइड सायनिंग’, ‘सही करायला नकार दिला’ हे ‘रिफ्यूज्ड टू साइन’. पाठ्यपुस्तकं रिमेंबर, फर्गेट, रिग्रेट यांना ‘अर्थ बदलणारी क्रियापदं’ म्हणून वेगळ्या चौकटीत टाकतात आणि मुलं घाबरतात. मराठी माणसाला घाबरायचं कारणच नाही. तो भेद आपण रोज बोलतो, फक्त तिकडे लक्ष गेलेलं नसतं.

‘ट्राय’चं तर आणखी सुंदर आहे. ‘मी खिडकी उघडायचा प्रयत्न केला’, जोर लावला, उघडली नाही: ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’. ‘उकडतंय ना, खिडकी उघडून बघ’: ‘ट्राय ओपनिंग द विंडो’. आपलं ‘करून बघणं’ म्हणजेच ट्रायपुढचा आयएनजी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा खिडकी उघडून बघून काही उपयोग होत नाही हा भाग वेगळा, पण वाक्य बरोबर राहतं. डोकं दुखत असेल तर ‘ट्राय टेकिंग दिस टॅब्लेट’, गोळी घेऊन बघ. गोळी गिळणंच जमत नसेल तर ‘आय ट्राइड टू टेक इट’. ‘कीप’सुद्धा असंच आहे: ‘करत राहा’ म्हणजे ‘कीप डुइंग’, त्याच्यापुढे ‘टू’ कधीच येत नाही.

‘स्टॉप’वर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण तुमच्या धंद्यात ही चूक महाग पडू शकते. माझी एक जुनी विद्यार्थिनी रावेरकडे अशाच एका पॅकहाउसमध्ये लागली. एका संध्याकाळी वीज गेली, जनरेटर दाद देईना, अर्धा माल कंटेनरमध्ये आणि अर्धा बाहेर. कच्ची केळी साधारण तेरा अंशांवर ठेवायची असते. तापमान वर गेलं तर वाटेतच पिकायला लागते, आणि फार खाली नेलं तर साल काळपट पडते. म्हणून कंटेनरचं दार उघडं ठेवून चालणार नव्हतं. तिने दार लावून घेतलं आणि खरेदीदाराला निरोप टाकला: ‘वी स्टॉप्ड टू लोड द कंटेनर’. तिच्या मनातलं मराठी होतं, ‘कंटेनर भरायचं थांबवलं’. समोरून उत्तर आलं, छान, भरून झाला की फोटो पाठवा. त्याची चूक नव्हती. त्या वाक्याचा अर्थ ‘कंटेनर भरण्यासाठी आम्ही हातातलं दुसरं काम थांबवलं’ असा होतो, म्हणजे भरणं सुरू आहे. तिला हवं होतं ते ‘वी स्टॉप्ड लोडिंग’. तिने तिथूनच मला फोन केला, मागे पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. मी तिला एवढंच विचारलं, ‘भरायला थांबलात की भरणं थांबवलंत?’ एक क्षण शांतता, मग ‘अरे देवा’, आणि तिने दुसरा निरोप टाकला. ‘चहा प्यायला थांबला’ आणि ‘चहा पिणं थांबवलं’, इतका साधा फरक आहे. ‘-यला थांबणे’ म्हणजे ‘स्टॉप टू’. ‘-णं थांबवणे’ म्हणजे ‘स्टॉप’पुढे आयएनजी.

या ‘-णं’वरून दुसरी खूण सापडते. ज्या मराठी क्रियापदाशेजारी नुसतं ‘-णं’ नीट बसतं, तिथे बहुतेक वेळा आयएनजी. ‘उन्हात जाणं टाळलं’: अव्हॉइडेड गोइंग. ‘लिहिणं संपवलं’: फिनिश्ड रायटिंग. ‘तंबाखू खाणं सोडलं’: गेव्ह अप च्युइंग. ‘ट्रॅक्टर घेणं लांबणीवर टाकलं’: पोस्टपोन्ड बाइंग. आता ‘जाणं ठरवलं’ म्हणून बघा, कान नको म्हणतो. ‘जायचं ठरवलं’ हवं, म्हणून ‘डिसाइडेड टू गो’. ‘जाणं वचन दिलं’ तर होतच नाही, ‘प्रॉमिस्ड टू गो’.

ही खूण पहिलीइतकी पक्की नाही, हे आत्ताच सांगते, नाहीतर उद्या तुम्हीच मला अपवाद आणून दाखवाल. ‘पोहणं शिकलो’ आपण म्हणतो, पण इंग्रजीत सहसा ‘लर्न्ड टू स्विम’. ‘गाडी घेणं परवडत नाही’ म्हणतो, पण ‘कान्ट अफोर्ड टू बाय’. ‘येणं नाकारलं’ म्हणतो, पण ‘रिफ्यूज्ड टू कम’. उलट्या बाजूने, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘माइंड’, ‘रिस्क’, ‘प्रॅक्टिस’, ‘इमॅजिन’ आणि ‘कान्ट हेल्प’ यांना मराठीची कुठलीच शेपटी खात्रीने पकडत नाही. ही सात पाठ करा. सातच आहेत, वर्गातल्या पंचवीसच्या यादीपेक्षा बरीच कमी, आणि तुमच्या कामात यातली तीन-चारच रोज येतील.

सजेस्टचं कोडं मुलांना फार छळतं, कारण सुचवलेलं काम तर पुढचंच असतं. मग ‘टू’ का नाही? मी असं समजावते, आणि ही शिकवण्याची सोय आहे, व्याकरणाचा कायदा नव्हे: सजेस्ट किंवा कन्सिडर करताना आपण अजून निघालेलोच नसतो. ते काम एक वस्तू म्हणून मध्ये ठेवलेलं असतं, बैठकीत नकाशा टेबलावर पसरतात तसं. बघा, पटतं का. वस्तू म्हटली की नाम आलं, नाम म्हटलं की आयएनजी. म्हणून ‘वी सजेस्ट लोडिंग इन द ईव्हनिंग’. नाहीतर ‘दॅट’ घालून पूर्ण वाक्य: ‘वी सजेस्ट दॅट यू लोड इन द ईव्हनिंग’. ‘सजेस्ट यू टू लोड’ नको. सजेस्टनंतर ‘टू’ येऊ शकतो, पण त्याच्यापुढे माणूस येतो, काम नाही: ‘वी सजेस्टेड टू देम दॅट…’.

‘अ‍ॅडव्हाइज’, ‘अलाउ’, ‘रेकमेंड’ यांना जरा वेगळी सवय आहे. माणसाचं नाव घेतलं नाही तर आयएनजी, घेतलं तर ‘टू’. ‘दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हिअर’. एवढं पुरे.

‘माइंड’ला मात्र सांभाळा. ‘खिडकी उघडायला हरकत आहे का?’ या मराठी वाक्यात कोण उघडणार हे सांगितलेलंच नाही. बसमध्ये शेजारच्याला ‘डू यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणालात तर उघडायचं काम त्याच्यावर. स्वतः उघडायची असेल तर ‘डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो?’ किंवा बोलताना ‘मी ओपनिंग’ (हा ‘मी’ इंग्रजीतला, ‘मला’ या अर्थाचा). आणि त्याने ‘नो’ म्हटलं तर रागावू नका, तो ‘हरकत नाही’ म्हणतोय.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ ही चूक करणारे फार आहेत, आणि ती प्रामाणिक चूक आहे. समोर ढळढळीत ‘टू’ दिसतोय, त्यात पुढची वाटही बघतोय, मग क्रियापद साधं का नको? कारण हा ‘टू’ क्रियापदाचा नाहीच. हा ‘जळगावला’ मधला ‘ला’ आहे, प्रीपोझिशन. ओळखायची युक्ती सोपी: ‘टू’नंतर ‘इट’ ठेवा, ‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं ‘ईट’ नव्हे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ होतं. ‘आय वाँट टू इट’ होत नाही. जिथे ‘इट’ बसतं तिथे नाम लागतं, म्हणून आयएनजी: ‘वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू इट’ होतं, म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’, मला रात्रपाळीची सवय आहे. पण ‘आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट’ निराळं, पूर्वी करायचो, आता नाही. तिथे ‘इट’ बसत नाही. ‘ऑब्जेक्ट टू’ पहिल्या जातीचं: ‘दे ऑब्जेक्टेड टू पेइंग इन अ‍ॅडव्हान्स’.

हा नियम मी वर्गात सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते, कारण इथे अपवाद जवळजवळ नाहीत: प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर आयएनजी. बिफोर लोडिंग, आफ्टर वॉशिंग, विदाउट आस्किंग, फॉर कमिंग, गुड अ‍ॅट कुकिंग. आणि यातही मराठी तुमच्या बाजूने उभी आहे. ‘भरण्यापूर्वी’, ‘धुतल्यावर’, ‘आल्याबद्दल’, ‘विचारल्याशिवाय’. शब्दयोगी अव्यय क्रियापदाला थेट चिकटत नाही. आधी त्याचं ‘भरण्या’, ‘धुतल्या’ असं नामासारखं रूप करावं लागतं, मग अव्यय येतं. ‘भरपूर्वी’ कुणी म्हणत नाही. इंग्रजीनेही तीच अट घातली आहे.

सोप्या गोष्टी झटकन सांगते. स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू, लव्ह, हेट, प्रेफर यांना दोन्ही चालतात. फक्त ‘इट इज बिगिनिंग रेनिंग’ असे दोन आयएनजी पाठोपाठ आणू नका, ‘बिगिनिंग टू रेन’ म्हणा. ‘लाइक’लाही दोन्ही चालतात, पण ‘वुड लाइक’पुढे कायम ‘टू’, कारण तिथे इच्छा आहे, आवड नाही.

परीक्षेबद्दल एक मनापासून वाटतं ते बोलते. प्रश्नपत्रिकेत ‘इन्फिनिटिव्हच्या (म्हणजे ‘टू’ लावलेल्या क्रियापदाच्या) जागी जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असे प्रश्न येतात. ‘टू स्विम इज गुड एक्सरसाइज’चं ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’. उत्तर बरोबर, गुणही मिळतात. पण वर्षभर हेच केल्यावर मुलाची पक्की समजूत होते की हे दोघे कधीही एकमेकांच्या जागी बसतात. वाक्याच्या सुरुवातीला बसतात, प्रत्येक क्रियापदानंतर नाही. या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं, कारण यात मुलाचा काहीच दोष नसतो. त्याला जसं शिकवलं तसंच तो मन लावून करत असतो.

तुम्ही सराव असा करा. यादी बाजूला ठेवा. रोज कामावरून आल्यावर दिवसातली पाच वाक्यं आधी मराठीत लिहा, तुम्ही बोलता तशीच, अहिराणीत सुचली तर अहिराणीत. क्रियापदाच्या शेपटीखाली रेघ मारा: ल्याचं, यचं, यला, णं, ऊन. मग इंग्रजी करा आणि मोठ्याने वाचा. इंग्रजी क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याच्या जोडीदारासकट तोंडात बसवा. ‘अव्हॉइड’ नव्हे, ‘अव्हॉइड गोइंग’. ‘डिसाइड’ नव्हे, ‘डिसाइड टू गो’. तीन आठवड्यांत कान तयार होतो, हे मी दरवर्षी बघते.

आणि तुमचा मेल आता असा लिहा: ‘वी सजेस्ट लोडिंग इन द ईव्हनिंग, टू अव्हॉइड एक्स्पोजिंग द फ्रूट टू द हीट. वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ यात ‘टू’ तीनदा आला आहे. पहिला ‘टाळण्यासाठी’चा, म्हणून पुढे साधं क्रियापद. दुसरा ‘उन्हाला’ मधला ‘ला’, त्याच्यापुढे नाम. तिसऱ्यापुढे काय आलं आणि का, ते आता तुम्ही साहेबांना सांगा.